मायक्रोवेव्ह मधेच थांबून सेन्सरचा एरर दाखवतोय, सेन्सर बदलायचा की आधी आणखी काही बघायचं?

कोरा_कागद
आमचा कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे, बरीच वर्षं काही तक्रार नव्हती. हल्ली असं होतंय की कन्व्हेक्शनवर लावला की सुरुवातीला सगळं नीट चालतं, दिवा लागतो, प्लेट फिरते, गरम हवा येते, आणि चांगला तापला की मधेच बीप बीप करून बंद पडतो आणि स्क्रीनवर एफ आणि त्याच्यापुढे एक आकडा येतो. मॅन्युअलमध्ये त्या कोडसमोर फक्त 'टेंपरेचर सेन्सर, सर्व्हिस सेंटरला कळवा' एवढंच लिहिलंय. प्लग काढून ठेवला आणि पूर्ण गार झाला की परत पहिल्यासारखा चालू होतो. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर पाणी गरम केलं तर एरर येत नाही.

एका मेकॅनिकला फोन केला तर त्याने मशीन न बघताच सांगितलं की सेन्सर गेला, बहुतेक बोर्डही (मशीन चालवणारं सर्किट) गेला असेल, दोन्ही बदलून टाकू. माझा प्रश्न हा की सेन्सर खरंच गेला असेल तर गार झाल्यावर चालतो कसा? आणि बोर्ड बदलायच्या आधी घरच्या घरी काय काय बघता येईल? जाणकारांनी प्लीज सांगा.

वाऱ्यावर
आधी रिसेट करून बघा. बटणाने बंद नाही, भिंतीतला प्लगच काढायचा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा. कधी कधी लाइट गेली-आली की बोर्ड गडबडतो आणि उगाच एरर दाखवत बसतो.

कोरा_कागद
@वाऱ्यावर, ते करून झालं. रिसेटनंतर चालतो पण तापला की परत तेच. म्हणजे वेळेचा संबंध नाहीये, तापण्याचा आहे असं वाटतंय.

ओहमकार
तुम्ही जे शेवटचं वाक्य लिहिलंत ना, तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते मेकॅनिकला पहिल्यांदा सांगा. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर एरर, हे लक्षण बोर्ड जळाल्याचं फार कमी वेळा असतं.

थोडं सविस्तर लिहितो कारण 'सेन्सर एरर म्हणजे सेन्सर गेला' हा समज फार पसरलाय आणि त्यापायी लोक चांगले पार्ट बदलून घेतात. बोर्डला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त दोन वायरींवरून येणारा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) कळतो, तोही व्होल्टेजच्या रूपात. तो आकडा अशक्य वाटला की बोर्ड कोड दाखवतो. मग तो आकडा सेन्सर फुटल्यामुळे बिघडला, वायर तुटल्यामुळे बिघडला, कनेक्टर सैल झाल्यामुळे बिघडला की आतमध्ये खरोखरच प्रमाणाबाहेर तापल्यामुळे आला, हे बोर्डला ओळखता येत नाही. काही मॉडेलमध्ये ओपन (जोड तुटलेला), शॉर्ट (दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या) आणि जास्त तापमान असे वेगवेगळे कोड असतात, काहींमध्ये सगळ्याला मिळून एकच. आणि एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीला लागू पडत नाही, त्यामुळे नेटवर नुसता कोड शोधून निष्कर्ष काढू नका, मॉडेल नंबरसकट शोधा.

कन्व्हेक्शनच्या टेंपरेचरसाठी बहुतेक घरगुती मशीनमध्ये एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. आता वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत, म्हणजे बोर्डच्या हिशोबाने आत भयंकर थंडी. बोर्डने त्यावर विश्वास ठेवला तर तो हीटर बंदच करणार नाही, तापवतच राहील. म्हणून मशीन थांबवतात. तुम्हाला जो त्रास वाटतोय तो खरं तर मशीनने नीट केलेलं काम आहे.

तुमच्या केसमध्ये माझा पहिला संशय सेन्सरच्या वायरीवर किंवा क्रिंपवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या पिनेचा जोड), दुसरा सेन्सरमधल्या बारीक चिरेवर, तिसरा कूलिंग फॅनवर. बोर्ड सगळ्यात शेवटी.

जुना_रेडिओ
ओहमकारांशी सहमत. त्यात एक भर घालतो. सगळेच सेन्सर एनटीसी नसतात, काही ओव्हनमध्ये प्लॅटिनमचा सेन्सर असतो, त्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो. पीटी-1000 प्रकारचा असेल तर 0 अंशाला 1000 ओहम आणि 25 अंशाला साधारण 1097 ओहम. एनटीसीचं मात्र एकच एक उत्तर नाही, मॉडेलप्रमाणे काहींचा रूम टेंपरेचरला काही हजार ओहम असतो तर काहींचा लाखाच्या घरात. त्यामुळे मीटरवर आकडा बघून 'एवढा जास्त, म्हणजे खराब' असं म्हणण्यात अर्थ नाही, त्या मॉडेलच्या सर्व्हिस शीटमधला (मेकॅनिकसाठीचा कंपनीचा कागद) आकडाच ग्राह्य. बऱ्याच मशीनमध्ये वायरिंगचा कागद बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, मेकॅनिकने पत्रा काढला की बघायला सांगा.

कोरा_कागद
खूप उपयोगी माहिती, धन्यवाद दोघांनाही. माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे. मागचे स्क्रू काढून पत्रा उघडून मीच सेन्सरची वायर मोजली तर चालेल का? प्लग काढूनच करणार अर्थात.

ओहमकार
नका करू. हे मी घाबरवायला म्हणत नाही, कारण सांगतो.

मायक्रोवेव्हच्या आत हाय व्होल्टेज कपॅसिटर असतो, साधारण 1 मायक्रोफॅरडचा, 2100 व्होल्ट रेटिंगचा. ट्रान्सफॉर्मर साधारण 2000 व्होल्ट देतो आणि डायोड-कपॅसिटरची जोडी ते वाढवून मॅग्नेट्रॉनला (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) 4000 च्या आसपास पोचवते. प्लग काढला तरी कपॅसिटरमधला चार्ज लगेच जातोच असं नाही. त्याच्या आत चार्ज उतरवण्यासाठी साधारण 10 मेगाओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो, तो शाबूत असेल तर मिनिटभरात चार्ज उतरतो, पण तो तुटला असेल तर बाहेरून काही कळत नाही आणि चार्ज तसाच बसून राहतो. घरातल्या बाकी कुठल्या उपकरणाच्या पत्र्याखाली सहसा असं नसतं. टीव्ही, मिक्सर, पंखा उघडण्याच्या सवयीवर मायक्रोवेव्ह उघडू नये. ह्या धक्क्याने माणसं गेलेली आहेत.

आणि तुमच्या साध्या मल्टीमीटरने तो चार्ज मोजायला तर अजिबात जाऊ नका, त्याचे प्रोब एवढ्या व्होल्टेजसाठी नसतात.

न उघडता करण्यासारखं पुष्कळ आहे, तेवढं करा आणि निरीक्षण लिहून ठेवा:
मागच्या आणि बाजूच्या जाळ्या बघा, धूळ-तेलाचा थर बसलाय का, भिंतीला चिकटून ठेवलंय का, वरती काही ठेवलंय का. मशीन चालू असताना मागून हवा बाहेर येते का ते हाताने बघा, आणि बंद झाल्यावर फॅन थोडा वेळ फिरत राहतो का तेही ऐका, कन्व्हेक्शननंतर बऱ्याच मॉडेलचा फॅन फिरत राहायला हवा. आतल्या भिंतीवर हवेची भोकं असतात तिथे जळकं काही चिकटलंय का ते गार असताना ओल्या फडक्याने पुसून बघा, तिथे स्प्रे मारू नका, तो आत सेन्सरवर जातो. मग कन्व्हेक्शन कमी तापमानावर लावा आणि एरर येतो का ते बघा, नंतर जास्त तापमानावर. ग्रिल असेल तर ग्रिलवरही.

मृदगंध
माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते, कारण ह्याची उलटी बाजूही असते. आमच्याकडेही असाच सेन्सरचा कोड येत होता, मेकॅनिकने नवा सेन्सर टाकला, तरी कोड तोच. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने शोधून काढलं की हीटरचा रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारी स्विच) चिकटला होता. म्हणजे बोर्ड हीटर बंद कर म्हणत होता पण रिलेचे कॉन्टॅक्ट सुटतच नव्हते, हीटर चालूच, आतलं तापमान खरंच वाढत होतं आणि बिचारा सेन्सर खरंच सांगत होता. ओळखायची खूण अशी होती की तापमान कमी ठेवलं तरी आतली उष्णता तुफान असायची आणि बंद होताना येणारा टक् आवाज यायचा बंद झाला होता. हे वाचणाऱ्या कुणालाही लागू असेल तर कन्व्हेक्शन वापरणं ताबडतोब थांबवा.

ओहमकार
+१ मृदगंध, फार महत्त्वाचा मुद्दा. सेन्सर जास्त तापमान दाखवतोय तर आधी विचारायचं की आत खरंच तेवढं तापलंय का. ओव्हनमध्ये ठेवायचा धातूचा थर्मामीटर मिळतो, तो फक्त कन्व्हेक्शन मोडमध्ये ठेवून बघता येतं, मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बी (दोन्ही एकत्र) मोडमध्ये तो थर्मामीटर ठेवायचा नाही.

पानगळ
धाग्याच्या विषयाला धरूनच आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या मायक्रोवेव्हला सेन्सर रिहीट आहे, म्हणजे वेळ द्यावी लागत नाही, वाफेवरून तोच ठरवतो. पूर्वी मस्त चालायचं, आता जेवण कोमट असतानाच थांबतो, आणि कधी कधी तर बराच वेळ फिरत राहून एरर देतो. एकाच मशीनमध्ये दोन्ही उलट गोष्टी कशा? हा पण तोच टेंपरेचर सेन्सर का?

जुना_रेडिओ
@पानगळ नाही, हा वेगळा. तो ह्युमिडिटी म्हणजे दमटपणा ओळखणारा सेन्सर, हवा बाहेर जाते त्या वाटेवर बसवलेला असतो. एका प्रकारात आत दोन छोटे थर्मिस्टर असतात, एक कोरड्या हवेत सीलबंद, दुसरा उघडा. दोन्ही स्वतःच थोडे गरम ठेवलेले असतात. दमट हवा आली की उघड्याची उष्णता वेगळ्या वेगाने जाते, दोघांमधला तोल बिघडतो आणि तो फरक बोर्ड मोजतो. वाफ सापडली की बोर्ड उरलेला वेळ काढतो आणि तेव्हाच स्क्रीनवर मिनिटं उलटी मोजायला लागतात.

ह्यावरून तुमच्या दोन्ही तक्रारी समजतात. लवकर थांबतोय म्हणजे वाफ लवकर 'दिसतेय'. आधीच्या वेळची वाफ आत तशीच आहे, प्लेटखाली पाणी आहे, भांडं बाहेरून ओलं आहे, किंवा नुकताच वापरून लगेच परत लावलाय. उशीर होऊन एरर येतोय म्हणजे वाफ पोचतच नाहीये. झाकण घट्ट लावलंय, किंवा हवेची वाट तेलकट चिकटाने बंद झालीय, किंवा फार कमी अन्न ठेवलंय.

सेन्सर प्रोग्रामला मशीन आतून कोरडं आणि गार हवं, भांडं बाहेरून पुसलेलं, वर झाकण असं की थोडी वाफ निघेल, आणि स्क्रीनवर वेळ दिसेपर्यंत दार उघडायचं नाही. प्लग लावल्या लावल्या सेन्सर प्रोग्राम लावू नका, काही मॅन्युअलमध्ये 2 मिनिटं थांबा असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि खोली 35 अंशांपेक्षा गरम असेल तर सेन्सर वापरू नका असंही.

ओहमकार
पानगळ ताई, आणखी एक शक्यता जी नेहमी सुटते. मॅग्नेट्रॉनच कमजोर झाला असेल तर वाफच उशिरा तयार होते, मग ठरलेल्या वेळेत वाफ न सापडल्याने बोर्ड एरर देतो आणि दोष सेन्सरच्या माथी. हे घरी तपासता येतं. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात बरोब्बर 1 लिटर साधं पाणी घ्या, तापमान मोजा, फुल पॉवरवर 1 मिनिट लावा, काढून ढवळा आणि लगेच परत मोजा. जितके अंश वाढले त्याला 70 ने गुणा, साधारण तेवढे वॅट. 10 अंश वाढलं म्हणजे 700 वॅटच्या आसपास. भांडंही थोडी उष्णता खातं त्यामुळे आकडा जरा कमीच येईल, पण छापील वॅटच्या निम्म्यावर आला तर सेन्सरचा विचार बाजूला ठेवा.

पाणी नीट तापत असेल तर मग कपभर पाणी ठेवून सेन्सर रिहीट लावा. पाण्यातून वाफ निघायला लागल्यावर थोड्या वेळात स्क्रीनवर मिनिटं यायला हवीत. ढळढळ उकळतंय तरी मिनिटं येत नाहीत तर सेन्सर, त्याची वाट किंवा त्याची वायर.

पानगळ
करून बघितलं. पाणी छान तापतंय, मागच्या बाजूची हवेची जाळी मात्र अक्षरशः पिवळ्या चिकटाने भरलेली होती, प्लग काढून ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने साफ केली, आता कपभर पाण्यावर मिनिटं येतात. वापरून दोन वेळच्या मध्ये दार थोडं उघडं ठेवायलाही सुरुवात केलीय. दोघांचे मनापासून आभार.

वाऱ्यावर
कोरा_कागद, माझ्या ओळखीतल्या एकाने असा सेन्सर काढून त्याच्या जागी फिक्स रेझिस्टर लावून घेतला होता, एरर कायमचा गेला. तसं करता येईल का, पार्ट मिळत नसेल तर?

ओहमकार
वाऱ्यावर, राग मानू नका पण हे इथे वाचून कुणीतरी करेल म्हणून ठळक लिहितो: असं कधीही करू नये. फिक्स रेझिस्टर म्हणजे बोर्डला कायम एकच तापमान दिसणार, आत काहीही होवो. मग हीटर थांबवायला उरतो फक्त थर्मल कटआउट, म्हणजे पत्र्यावर बसवलेली ती गोल चकतीसारखी तापमानावर उघडणारी स्विच, ती शेवटचा उपाय म्हणून असते, रोजच्या कामासाठी नसते. तसंच कटआउट किंवा दाराचे स्विच शॉर्ट करणं. मेकॅनिकने असं केलेलं दिसलं तर काम थांबवा आणि मशीन तसंच ठेवा.

कोरा_कागद
अपडेट देतो. सांगितल्याप्रमाणे न उघडता सगळं बघितलं. जाळ्या स्वच्छ, फॅन व्यवस्थित, बंद झाल्यावरही फिरतो. कमी तापमानावर कन्व्हेक्शन बराच वेळ चालतं, एरर नाही. जास्त तापमानावर येतो. आणि एक नवी गोष्ट कळली, एरर आल्यावर दार जरा जोरात बंद केलं की कधी कधी लगेच परत चालू होतो, गार व्हायची वाट न बघता.

जुना_रेडिओ
दार आपटल्यावर चालू होतो म्हणजे सैल जोड. हे जवळजवळ नक्की. बोर्ड विकत घेऊ नका.

ओहमकार
हो, जोडच. मेकॅनिकला बोलवा आणि पार्ट बदलायच्या आधी हे एवढं समोर करायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहून बघा, हात लावू नका. प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, सेन्सरचा कनेक्टर बोर्डपासून सोडवायचा. मीटर ओहमवर ठेवून त्या दोन पिनांवर लावायचा. आधी गार असताना आकडा. मग हेअर ड्रायरने सेन्सरला हळूहळू गरम करायचं, एनटीसी असेल तर आकडा सलग उतरत जायला हवा. मधेच उडी मारली तर सेन्सरला चीर. सलग उतरला तर सेन्सर चांगला, मग मीटर तसाच ठेवून वायर बोटाने हळू हलवायची, सेन्सरपासून कनेक्टरपर्यंत इंचाइंचाने.

कोरा_कागद
सापडलं!! 😃

दुसरा मेकॅनिक बोलावला, शांत माणूस, धाग्यातलं वाचून दाखवलं तर म्हणाला बरोबर आहे, असंच बघूया. कपॅसिटर डिस्चार्ज केला, कनेक्टर सोडवला, मीटर लावला. ड्रायरने गरम केल्यावर आकडा एकसारखा खाली येत गेला, कुठेही उडी नाही. मग वायर हलवायला घेतली, सेन्सरजवळ काही नाही, मधे काही नाही, आणि कनेक्टरच्या तोंडाशी आल्यावर आकडा गायब होऊन मीटरवर ओएल, म्हणजे जोड तुटलेला. सोडलं की परत आकडा. त्याने भिंग लावून दाखवलं, पिनच्या क्रिंपमध्ये वायरच्या बारीक तारांपैकी दोन-तीनच शिल्लक होत्या, बाकीच्या तुटून काळ्या पडलेल्या, आणि तिथलं इन्सुलेशन कडक होऊन मागे सरकलेलं. ती वायर हीटरच्या बाजूच्या पत्र्यावरून ताणून नेलेली होती, तापून पत्रा जरा सरकला की तिथला संपर्क सुटत असणार. त्याने वायर थोडी मागून कापून नवी पिन क्रिंप केली, उष्णता सहन करणारी नळी घातली आणि वायर पत्र्यापासून लांब घेऊन बांधली. सेन्सर तोच, बोर्ड तोच. जास्त तापमानावर पूर्ण वेळ चालवून बघितलं, एरर नाही.

मृदगंध
वा, मस्त! आमच्यावेळी हा धागा असता तर एक सेन्सर फुकट गेला नसता.

जुना_रेडिओ
अभिनंदन! क्रिंपच केली ना, सोल्डर नाही? इतक्या गरम जागी सोल्डर नको, तिथे वायर कडक होऊन परत त्याच जागी तुटते.

कोरा_कागद
क्रिंपच. सोल्डरचं मी विचारलं होतं, तर त्यानेही तेच कारण सांगितलं.

ओहमकार
उत्तम काम केलंय त्याने, असा माणूस सोडू नका. फक्त एक बघून घ्या, बाहेरच्या पत्र्याचे सगळे स्क्रू परत बसलेत ना. मशीनचा बाहेरचा पत्राही सुरक्षेचाच भाग असतो, एखादा स्क्रू राहिला म्हणून चालवून घेऊ नका. आणि सर्व्हिस शीटवरून सेन्सरचा पार्ट नंबर आणि मीटरवर आलेला गार असतानाचा आकडा, खोलीच्या तापमानासकट, एका चिठ्ठीवर लिहून मॅन्युअलमध्ये ठेवा, पुढे कधी कोड आला तर पहिल्याच मिनिटाला तुलना करता येईल.

कोरा_कागद
स्क्रू मोजले, सगळे आहेत. पार्ट नंबर आणि आकडा लिहून ठेवतो आजच. सगळ्यांचे पुन्हा आभार, धाग्याच्या शीर्षकात 'सुटला' असं लिहायला संपादकांना विनंती करतोय.